लॅमिनेटच्या कपाटांवर लाकूड चढवण्यासाठी चिकटद्रव्यांची पारख

स्वयंपाकघरातील लॅमिनेटची कपाटे आतून धडधाकट असतील, तर ती मोडून नवी करण्यापेक्षा त्यांच्या दर्शनी भागांवर खऱ्या लाकडाचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा, चढवणे हा उत्तम मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र या कामाचे आयुष्य लाकडाच्या जातीवर किंवा पॉलिशवर जितके ठरते, त्याहून अधिक ते मधल्या चिकटद्रव्यावर ठरते. बाजारात मिळणाऱ्या डब्यांवर ताकदीचे आकडे छापलेले असतात. पण ते बहुधा लाकडाला लाकूड जोडून घेतलेल्या चाचण्यांचे असतात आणि आपल्यापुढचा जोड तसा नसतो. म्हणून या परीक्षणात मी एकेका कंपनीच्या डब्यापेक्षा चिकटद्रव्यांच्या प्रकारांचा विचार केला आहे आणि तीन कसोट्या लावल्या आहेत: काहीही न शोषणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागाला ते धरते का, लाकूड ओलाव्याने फुगते-आकसते तेव्हा ते टिकते का, आणि शेगडीची धग व भांड्यांची वाफ ते सोसते का.

पहिली कसोटी समजण्यासाठी लॅमिनेट कसे बनते हे ठाऊक असावे लागते. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर आणि त्यांवर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद उष्णतेने व मोठ्या दाबाने एकजीव केला जातो. तयार होणाऱ्या पत्र्याला छिद्रे जवळपास नसतात. पांढऱ्या लाकूड-गोंदासारखी पाण्यावर आधारलेली द्रव्ये त्यांतले पाणी शेजारच्या लाकडात मुरल्यावर घट्ट होतात. एका बाजूला लॅमिनेट असेल, तर पाण्याला तिकडून वाट उरत नाही आणि गोंदाला रुतायला जागाही मिळत नाही.

दुसरी कसोटी लाकडाच्या स्वभावातून येते. लाकूड रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रेषांना आडवे ते बरेच हलते. ताज्या ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत रेड ओक वार्षिक वलयांना समांतर दिशेने सुमारे ८.६ टक्के, तर सागवान सुमारे ५.८ टक्के आकसते. घरात एवढा टोकाचा फरक पडत नाही. तरीही लाकडातील ओलाव्यात ४ टक्क्यांचा चढउतार झाला, तर ४० सेंटिमीटर रुंदीची ओकची मोकळी फळी साधारण साडेचार मिलिमीटर हलू शकते. व्हिनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असल्यामुळे चिकटद्रव्य त्याला जागच्या जागी रोखू शकते, पण ते रोखण्याचा ताण त्या पातळ थराला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. तो थर मऊ, रबरी असेल तर हळूहळू सरकतो आणि व्हिनिअरवर बारीक भेगा किंवा फुगे दिसू लागतात.

येथेच एक गोष्ट सांगायला हवी, जी विक्रेते क्वचितच आपणहून सांगतात: चिकटद्रव्याची निवड लॅमिनेटइतकीच व्हिनिअरच्या पाठीवरही अवलंबून असते. साधे, बिनपाठीचे व्हिनिअर सर्वांत जास्त हलते. कागदी पाठीचे त्याहून कमी, आणि ज्याच्या मागे आडव्या रेषांचा दुसरा लाकडी थर किंवा फिनॉलिक पत्रा लावलेला असतो, ते सर्वांत कमी. त्यामुळे ‘अमुक गोंद चांगला की तमुक’ असा प्रश्न विचारण्यापूर्वी हातातल्या व्हिनिअरची मागची बाजू पाहावी. अर्धा निर्णय तेथेच होतो.

आता कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हकडे वळू, कारण या कामासाठी सर्वाधिक वापर त्याचाच होतो. त्याचा पाया पॉलिक्लोरोप्रीन म्हणजेच निओप्रीन हे कृत्रिम रबर आहे, जे ड्यूपाँ कंपनीने १९३१ मध्ये बाजारात आणले. हे रबर विद्रावकात, म्हणजे थिनरसारख्या सहज उडून जाणाऱ्या द्रवात, विरघळवलेले असते. ते दोन्ही पृष्ठभागांवर लावायचे, विद्रावक उडून जाऊ द्यायचा आणि मग दोन कोरडे थर एकमेकांवर दाबायचे, एवढीच याची रीत आहे. पकड क्षणात येते, शिकंजे लावून ठेवावे लागत नाहीत आणि विद्रावक आधीच उडालेला असल्यामुळे लॅमिनेटला छिद्रे नसण्याची अडचण उरत नाही. भिंतीला कायम बसवलेल्या कपाटांच्या बाजू आणि दर्शनी चौकटी, जेथे शिकंजा लावणे अवघड असते, तेथे हा गुण फार मोलाचा ठरतो. पहिल्या कसोटीवर मी त्याला पूर्ण गुण देतो.

दुसऱ्या कसोटीवर मात्र त्याची मर्यादा उघड होते. हे रबर वाळल्यावरही लवचीक राहते, म्हणून बिनपाठीच्या व्हिनिअरखाली ते लाकडाच्या हालचालीला पुरेसा विरोध करत नाही. शिवाय वरून लॅकर किंवा अन्य विद्रावकी पॉलिशचा जाड ओला हात दिला, तर थिनर पातळ व्हिनिअरच्या छिद्रांतून खाली झिरपतो, रबर पुन्हा मऊ करतो आणि चांगले बसलेले काम फुगवतो. कागदी पाठीच्या व्हिनिअरलाही हा धोका पूर्णपणे चुकत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा आहे की कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह वापरायचे असेल, तर व्हिनिअर दोन लाकडी थरांचे किंवा फिनॉलिक पाठीचेच घ्यावे, आणि वरचे पॉलिश पाण्यावर आधारलेले, पातळ हातांनी द्यावे. बिनपाठीच्या व्हिनिअरसाठी ते वापरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो.

लावण्याच्या पद्धतीत थोडी शिस्त पाळली, तर हे द्रव्य फार विश्वासू आहे. थर पातळ व सलग हवा. ओघळ किंवा गुठळी राहिली की ती व्हिनिअरमधून कायम उठून दिसते. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचे तंतू किंवा कण दाबून केलेले बोर्ड) यांच्या उघड्या कडा पहिला हात शोषून घेतात, म्हणून तेथे तो वाळल्यावर दुसरा हात द्यावा लागतो. वाळण्यास किती वेळ लागेल हे हवेवर ठरते. बहुतेक डब्यांवर १० ते २० मिनिटे लिहिलेली असतात, पण घड्याळापेक्षा कागदाच्या तुकड्यावर विश्वास ठेवावा. कागद हलकेच टेकवून उचलला आणि गोंद ओढला गेला नाही, तर पृष्ठभाग तयार आहे. दमट हवेत मात्र फसगत होऊ शकते: विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प साचते, थर पांढुरका दिसू लागतो आणि त्या ओलीवर पकड बसत नाही. अशा वेळी ओल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे, किंवा काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे.

दोन थर एकदा भिडले की सरकवता येत नाहीत. म्हणून मध्ये जाड कागद किंवा पातळ काठ्या ठेवून व्हिनिअर नेमके जागेवर आणावे आणि त्या एकेक काढत मध्यापासून कडेकडे दाबत जावे. या पकडीची ताकद दाबाच्या वेळेवर नव्हे, दाबाच्या जोरावर ठरते, आणि येथे रबरी रोलरविषयी माझे मत प्रचलित सल्ल्याहून वेगळे आहे. रोलर आपला जोर रुंद पट्ट्यावर वाटून टाकतो. त्याऐवजी गोलसर कड केलेला कठीण लाकडाचा ठोकळा दोन्ही हातांनी रेटत नेला, तर तोच जोर अरुंद रेषेवर एकवटतो. ठोकळा रेषांच्या दिशेने चालवावा, कारण आडवा चालवल्यास व्हिनिअर ताणले जाते आणि पुढे आकसताना भेगाळते.

सुरक्षिततेची बाब मी गौण मानत नाही. या द्रव्यांत टोल्युइन, हेक्झेन, ॲसिटोन यांसारखे विद्रावक असतात. टोल्युइनचा प्रज्वलनबिंदू सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे सर्वसाधारण खोलीत त्याची वाफ पेट घेण्यास केव्हाही तयार असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. गॅसची शेगडी, गीझरची ज्योत, फ्रीजचा आपोआप सुरू होणारा कॉम्प्रेसर, हे सारे स्वयंपाकघरातच असते. ज्योत विझवून, उपकरणे बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून आणि विद्रावकी वाफेसाठी असलेला मुखवटा घालूनच काम करावे. शक्य तेवढी दारे काढून बाहेर नेऊन चिकटवावीत. ज्यांना एवढी मोकळी हवा मिळणे शक्य नाही, त्यांनी हे द्रव्य घेऊच नये.

अशांसाठी पाण्यावर आधारलेले कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह मिळते. त्याला वास कमी आणि आगीचा धोका जवळपास नसतो. पण ते वाळायला बराच वेळ घेते, त्यातल्या पाण्याने पातळ व्हिनिअरच्या कडा वळतात, आणि दोन्ही बाजू न शोषणाऱ्या असतील तर आत अडकलेली ओल दीर्घकाळ राहते. फिनॉलिक पाठ आणि लॅमिनेट अशी जोडी असेल, तर थर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबण्याचा संयम हवा. मी त्याला दुसरी पसंती देतो.

पाठीवर आधीच चिकट थर असलेले, कागद सोलून लावायचे व्हिनिअर अनेक जाणकार सुतार हलके समजतात. मला ते मत अन्यायाचे वाटते. त्यावरचा थर सहसा ॲक्रिलिक असतो. तो वाळून किंवा रासायनिक क्रियेने घट्ट होत नाही, तर दाबाखाली पृष्ठभागाच्या सूक्ष्म उंचवट्यांत हळूहळू पसरतो, आणि म्हणूनच त्याची पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात. सपाट, स्वच्छ, नीट तयार केलेल्या लॅमिनेटवर, शेगडीपासून दूर असलेल्या दारांवर, हे व्हिनिअर उत्तम बसते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला तर मी तेच सुचवीन. त्याचा खरा शत्रू म्हणजे खडबडीतपणा व तेलकटपणा: पृष्ठभाग लाटेदार असेल, तर चिकट थर उंचवट्यांनाच टेकतो आणि खळग्यांवर अधांतरी राहतो. उष्णतेपुढे व उघड्या कडांवर ते दुबळे आहे, त्यामुळे शेगडीच्या शेजारच्या पट्ट्या आणि सिंकखालची दारे त्याच्या भरवशावर सोडू नयेत.

पांढरा किंवा पिवळा लाकूड-गोंद, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, घराघरांत असतो आणि म्हणूनच या कामात सर्वाधिक चुकीचा वापर त्याचाच होतो. युरोपीय मानक ईएन २०४ नुसार अशा गोंदांचे पाण्यापुढील टिकाव पाहून डी१ ते डी४ असे वर्ग केले जातात. टाइटबॉन्ड ३ सारखा गोंद अमेरिकी प्रमाणाच्या टाइप १ या जलरोधक वर्गात बसतो. हे वर्ग खरे व उपयुक्त आहेत, पण ते लाकडाच्या जोडांविषयी बोलतात. झिलई असलेल्या लॅमिनेटवर डी४ वर्गाचा गोंदही वाळल्यावर नखाने पापुद्र्यासारखा निघतो. लॅमिनेट पूर्ण उतरवून खालचा बोर्ड उघडा केला असेल, तर मात्र हाच गोंद माझी पहिली निवड ठरेल: तो स्वस्त, बिनविषारी व रबरापेक्षा कमी सरकणारा आहे. उघड्या बोर्डवर आणि व्हिनिअरवर तो लावून वाळू द्यावा आणि मग इस्त्रीच्या उष्णतेने दोन्ही थर एकजीव करावेत, ही जुनी युक्तीही तेथे चांगली चालते. लॅमिनेटवर तिच्या नादी लागू नये.

बिनपाठीचे, निवडक, देखणे व्हिनिअर लॅमिनेटवरच लावायचे असेल, तर एपॉक्सीला पर्याय नाही असे मी म्हणेन. रेझिन व हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. त्याला पाणी उडून जाण्याची किंवा छिद्रांची गरज नसते, ते बारीक खळगे भरून काढते आणि वाळल्यावर कडक राहून लाकडाला हलू देत नाही. अडचणी तीन: ते महाग आहे, दाबाखाली तासन्‌तास ठेवावे लागते आणि सच्छिद्र लाकडातून वर झिरपून डाग पाडते. दाबासाठी निर्वात पिशवी उत्तम, कारण हवा काढल्यावर वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास १ किलोग्रॅम इतका सर्वत्र सारखा पडतो. ही सोय सुट्या दारांसाठीच शक्य आहे. पॉलियुरेथेन गोंदही लॅमिनेटला चांगला धरतो, पण तो ओलाव्याने फेसाळत फुगतो. त्या फेसात ताकद नसते, आणि दाब अपुरा पडला तर तो व्हिनिअर वर उचलतो. चौकटीवर जाड लाकडी पट्टी, कंगोरा किंवा कडेची लाकडी झालर (लिपिंग) बसवताना मी पॉलियुरेथेन खुशाल वापरीन, मोठ्या सपाट पृष्ठभागावर नाही.

सिलिकॉन आणि नळीतून येणारी बांधकामाची जाड चिकटद्रव्ये यांना येथे स्थान नाही. सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर राहिला, तर पुढे तेथे ना गोंद बसतो ना पॉलिश. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट कोपऱ्यातली कपची किंवा उचललेले टोक बसवण्यापुरते हाताशी असू द्यावे.

कोणतेही द्रव्य घेतले, तरी पृष्ठभागाची तयारी सारखीच आहे, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेलकटपणा धुवावा, मगच घासावे. उलट केले तर पॉलिश पेपर तीच चरबी ओरखड्यांत भरतो. कोमट साबणपाणी, नंतर स्वच्छ पाणी, पूर्ण वाळल्यावर स्पिरिट, आणि त्यानंतर १०० ते १२० क्रमांकाच्या पेपरने चकाकी संपूर्ण जाईपर्यंत घासणी. चकाकणारा एकही ठिपका राहू देऊ नये. बोटाने टकटक करून पोकळ आवाज येणाऱ्या जागा शोधाव्यात, कारण जुने लॅमिनेटच बोर्डवरून सुटलेले असेल, तर वरचे चिकटद्रव्य कितीही चांगले असून उपयोग नाही. दारे लॅमिनेटची नसून पीव्हीसी फिल्म चढवलेली असतील, तर ती फिल्म काढून टाकावी. उष्णतेने ती स्वतःच एमडीएफपासून सुटते. सागवानासारख्या तेलकट लाकडाची मागची बाजू चिकटवण्याच्या थोडे आधी ॲसिटोनने पुसावी.

खरेदीपूर्वी एक चाचणी करावी, असा माझा सर्वांना आग्रहाचा सल्ला आहे, कारण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ती अधिक सांगते. एका दाराच्या आतल्या बाजूस हातभर जागा वरीलप्रमाणे तयार करून तेथे त्याच व्हिनिअरचे तुकडे वेगवेगळ्या द्रव्यांनी चिकटवावेत आणि किमान एक दिवस, ॲक्रिलिक थर असेल तर तीन दिवस, थांबावे. मग पातळ पात्याने एक कड उचलून तुकडा ओढावा आणि तो कोठून सुटला हे पाहावे. लाकडाचे तंतू फाटून लॅमिनेटवर राहिले, तर जोड लाकडापेक्षा मजबूत आहे. गोंद संपूर्णपणे व्हिनिअरसोबत निघून लॅमिनेट कोरे राहिले, तर दोष घासणीत किंवा स्वच्छतेत आहे. गोंद बदलून काही साधणार नाही. गोंद दोन्ही बाजूंना तारा काढत राहिला, तर थर जाड झाला आहे किंवा विद्रावक पुरता उडालेला नाही. उरलेल्या एका तुकड्यावर गरम ओले फडके काही वेळ ठेवून, वाळल्यावर कडा पुन्हा तपासाव्यात. शेगडीजवळच्या जागेसाठी ही दुसरी पायरी गाळू नये, कारण साधे कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह उष्णतेने मऊ होते आणि तेथे उष्णतारोधक म्हणून विकला जाणारा प्रकारच लागतो. त्याच तुकड्यावर ठरवलेल्या पॉलिशचा एक हातही देऊन पाहावा. फुगा यायचा असेल तर तो तेथेच येऊ द्यावा.

दारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट चिकटद्रव्याइतकीच निर्णायक आहे. फक्त दर्शनी बाजूला व्हिनिअर लावले, तर ओलाव्याच्या प्रत्येक बदलाबरोबर ती बाजू ओढली जाते आणि दार वाकते. कडक एपॉक्सीने हा ओढा अधिकच दारापर्यंत पोहोचतो. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचे व्हिनिअर, त्याच द्रव्याने लावावे, आतल्या बाजूस हलक्या प्रतीचे चालेल. कपाटाच्या भिंतीला खिळलेल्या बाजूंना ही काळजी नको. कडांच्या पट्ट्या आधी बसवून साफ कराव्यात आणि मगच दर्शनी व्हिनिअर त्यांच्यावरून न्यावे, म्हणजे दार उघडताना बोटे जोडाच्या रेषेवर घासत नाहीत. शेवटी त्या उघड्या कडांना पॉलिशचे दोन हात जास्त द्यावेत, विशेषतः सिंकखालच्या दारांच्या तळाला, कारण ओल बहुतेकदा तेथूनच आत शिरते.